पाचनंतरची लाइन

पांढरकवड्यात विजेची कामं करणारे पंधरा-वीस जण तरी असतील. पण बिघाड सापडत नसला की लोक मोहिउद्दीनलाच बोलवायचे. वायर ओढणं, पंखा टांगणं कोणालाही जमतं. रिकाम्या घरात मीटर का फिरतं, ओल्या भिंतीला हात लावला की झिणझिण्या का येतात, हे शोधायला डोकं लागतं. ते त्याच्याकडे होतं, आणि आपल्याकडे आहे हे त्याला चांगलं माहीत होतं.

त्याचे वडील जिनिंगमध्ये फिटर होते. दहावीनंतर तोही तिथंच मोटारींचं वाइंडिंग करायला लागला. जिनिंग बंद पडल्यावर त्यानं बाजाराच्या रस्त्याला टिनाचं दुकान टाकलं. त्यालाही आता तीस वर्षं होत आली. बारीक अंगाचा, दाढी पांढरी, शर्टाच्या खिशात कायम टेस्टर. त्याची एक सवय सगळ्यांना ठाऊक होती. बिघाड सापडला की तो गुपचूप दुरुस्त करून निघून जायचा नाही. घरातल्या सगळ्यांना बोलवायचा, म्हाताऱ्यांनासुद्धा, आणि जळालेला जोड बोटानं दाखवून म्हणायचा, "पाहा. हे होतं." लोक वाकून बघायचे. त्याला ते फार आवडायचं.

मी त्याच्या दुकानापासून दोन गल्ल्या सोडून राहतो. पोस्टातून निवृत्त झालो. ही हकीकत काही माझ्या डोळ्यांदेखत घडली, काही मोहिउद्दीननं नंतर सांगितली. मी तिच्यात कुठे कुठे होतो तेही सांगणार आहे.

मागच्या वर्षी आमच्या भागात नवे मीटर लागले. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळात वीज वापरली तर सवलत, आणि कुठल्या तासाला किती वापरली ते मोबाइलवर उभ्या पट्ट्यांत दिसणार. त्याआधी कोणी कधी वेळ बघून मोटार लावली नव्हती. आता बायका दुपारी बाराला वॉशिंग मशीन लावायला लागल्या आणि पुरुष मोबाइल उघडून पट्ट्या मोजायला लागले. ज्यांना आठवण राहत नव्हती त्यांनी टायमर बसवून घेतले. मोटार, गीझर, कूलर एका लाइनीवर घ्यायचं आणि त्या लाइनीला घड्याळ लावायचं. नऊला आपोआप चालू, पाचला आपोआप बंद. मोहिउद्दीननं त्या हिवाळ्यापासून मार्चअखेरपर्यंत असे तीसेक टायमर बसवले असतील.

त्यातला एक भगवानराव गोहोकारांकडे.

भगवानराव निवृत्त मुख्याध्यापक. शाळेत असताना प्रार्थनेला एक मिनिट उशिरा आलेल्या पोराला ते दिवसभर फाटकाबाहेर उभं करायचे, आणि पालकही म्हणायचे की सर कडक आहेत पण चांगले आहेत. आता घरात ते स्वतः, सून प्रेरणा आणि थोरली बहीण विमलताई. मुलगा पुण्याला नोकरीला होता, प्रेरणा सरांच्या जेवणाखाण्यासाठी इथं राहिली होती असं म्हणायचं, पण स्वयंपाक विमलताईच करायच्या.

विमलताई सरांपेक्षा सहा वर्षांनी मोठ्या. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी नवऱ्यानं सोडलं. मारेगावजवळच्या एका खेड्यात त्यांनी अंगणवाडीत मदतनीस म्हणून तीस वर्षं काढली. खिचडी शिजवली, पोरांची नाकं पुसली आणि भावाला डी.एड. केलं. हे सगळ्या गावाला माहीत होतं, कारण निवृत्तीच्या समारंभात भगवानरावांनी स्वतः भाषणात सांगितलं होतं. ताईंना स्टेजवर बोलावून शाल दिली होती. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. त्यानंतर वर्षभरानं त्या भावाकडे राहायला आल्या आणि भावानं त्यांना गच्चीवरची टिनाची खोली दिली. पूर्वी त्या खोलीत सरकीची पोती असायची.

मार्चमध्ये मोहिउद्दीन टायमर बसवायला गेला तेव्हा त्यानं आधी सगळी वायरिंग तपासली. मग म्हणाला, "सर, वरच्या खोलीची लाइन मोटारीवरूनच घेतली हाय. पाचले मोटार बंद झाली का ते खोली बी बंद होईन. पंखा, बल्ब, सगळं. वेगळी काढून देऊ का? दहा मिनिटांचं काम हाय."

"कायले?" भगवानराव म्हणाले. "ताई संध्याकाळी खालीच असते. वर फक्त झोपायला जाते."

"पण झोपतानी पंखा..."

"गच्चीवर हवा असते. आणि नियम म्हटला का सर्वांले सारखा. माझ्या खोलीतला कूलरबी पाचले बंदच होणार आहे."

सरांची खोली खालच्या मजल्यावर, वर स्लॅब, खिडकीला कडुलिंब. मोहिउद्दीननं ते पाहिलं होतं. पण मालकानं नको म्हटलं की नको. त्यानं टायमर बसवला आणि निघून आला.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सरांचा फोन आला. मोबाइलवर संध्याकाळी सहा-सात वाजताही मोठ्या पट्ट्या दिसत होत्या. मोहिउद्दीन गेला आणि बघताक्षणी त्याला कळलं. टायमर चकतीवाला होता. वीज गेली की चकती थांबते, वीज आली की जिथं थांबली तिथून पुढे फिरते. तीन आठवड्यांत इतक्या वेळा वीज गेली होती की घड्याळ पावणेतीन तास मागे पडलं होतं. लाइन पाचऐवजी पावणेआठला बंद होत होती.

"माझी चूक सर," तो म्हणाला. "बॅटरीवाला लावायले पायजे होता." त्यानं दुसऱ्याच दिवशी आतून बॅटरी असलेला टायमर आणून बसवला.

विमलताई बाजूला उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी विचारलं, "आता बरोबर पाचले बंद होईन का?"

"सेकंदाले, ताई. वीज जावो का राहो, याचं घड्याळ थांबत नाही."

ताई बरं म्हणाल्या आणि आत गेल्या. तीन आठवडे त्यांना पाचनंतरही पंखा मिळत होता आणि तो मोहिउद्दीननं आत्ता काढून घेतला, हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं नाही.

एप्रिल संपता संपता पुन्हा फोन. या वेळी लाइन रात्रभर बंदच झाली नव्हती. टायमर ठीक होता, पण टायमरच्या हुकमानं लाइन जोडणारा-तोडणारा जो कॉन्टॅक्टर असतो, त्याचे पॉइंट मोटारीच्या झटक्यानं एकमेकांना चिकटले होते. असं होतं कधी कधी. भगवानरावांनी ते ऐकून घेतलं नाही. ते दुकानात आले आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "दोन महिन्यांत दोन वेळा. शिकून घेतलं होतं का कोठी, का असंच अंदाजानं?" मोहिउद्दीन उठला. नवा कॉन्टॅक्टर घेऊन त्यांच्यामागे गेला.

त्या दिवशी विमलताईंनी त्याला टॉर्च धरली. काम करता करता त्यांनी विचारलं, "भाऊ, जिन्यातला दिवा पाचनंतरबी जळते. तो कसा काय?"

"तो टायमरवर नाही ताई. घरातले दिवे, पंखे, फ्रीज वेगळ्या लाइनीवर हाय. ते चोवीस तास चालू."

"मंग त्या जिन्याच्या दिव्याच्या लाइनीवर पंखा चालन का?"

"न चालायले काय झालं? कूलर बी चालन. वायर तेवढी चांगली पायजे." आणि त्यानं सांगितलं की जोड द्यायचा तर आधी मेन बंद करायचं, दोन तारांचे जोड एकासमोर एक येऊ द्यायचे नाहीत, पुढेमागे घ्यायचे, आणि वर टेप घट्ट ओढून गुंडाळायची. कोणी विचारलं की त्याला समजावून सांगायला आवडायचं. बाई का विचारते आहे, हे त्याच्या मनात आलं नाही. निदान तो मला तसं म्हणाला.

मे महिना लागला. यंदा पारा पंचेचाळीसच्या खाली उतरतच नव्हता. संध्याकाळी सातलाही टिनावर पाणी टाकलं तर वाफ निघायची. मेच्या मध्यावर भगवानरावांनी आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मोठा मजकूर टाकला. टायमरच्या नावाखाली डुप्लिकेट माल बसवून लोकांना फसवलं जात आहे, दोन वेळा दुरुस्ती करूनही पाचनंतर वीज वापरली जातेच आहे, सर्वांनी सावध राहावं. खाली मोहिउद्दीनचं नाव आणि नंबर. दोन तासांत तीस जणांनी तो वाचला. दोघांनी लिहिलं की आम्हालाही शंका होतीच. मी काही लिहिलं नाही, पण त्यानं माझ्याकडे बसवलेल्या टायमरची चकती उघडून मात्र पाहिली.

मोहिउद्दीनचं काम चार दिवसांत बसलं. दोघांनी बसवलेले टायमर काढून न्यायला सांगितलं. एकानं तर घरात न घेता फाटकावरूनच पिशवी दिली. पाचव्या दिवशी तो स्वतः भगवानरावांकडे गेला आणि म्हणाला, "सर, मले एकदा शोधू द्या. माझी चूक निघाली तर मी टायमरचं काम सोडून देईन."

"ठीक आहे," सर म्हणाले. "पण साक्षीदार राहतील."

म्हणून त्या संध्याकाळी साडेपाचला त्यांनी मला आणि शेजारच्या एका वकिलांना बोलावून घेतलं. आम्ही व्हरांड्यात खुर्च्या टाकून बसलो. प्रेरणानं मोबाइलवरच्या पट्ट्या मोहिउद्दीनला दाखवल्या. फ्रीज, दोन ट्यूब, टीव्ही, पंखे, हे सगळं सरांनी आधीच हिशेबात घेतलं होतं. त्याच्यावर दर तासाला जरासं जास्त जात होतं. पाचपासून सातपर्यंत. मग सात ते नऊ काही नाही. नऊनंतर पुन्हा सुरू, पहाटेपर्यंत.

मोहिउद्दीननं मला नंतर सांगितलं की त्याला तिथंच कळलं. चिकटलेला कॉन्टॅक्टर सातला थांबून नऊला सुरू होत नाही. गळती असती तर ती स्वयंपाकाच्या वेळी सुटी घेत नाही. त्या घरात सातला जिना उतरणारं आणि नऊला चढणारं एकच माणूस होतं. ज्या सरांनी जन्मभर वेळापत्रकं लावली त्यांना ते दिसलं नव्हतं.

तरी त्यानं सगळं रीतसर केलं. एकेक लाइन वेगळी करत गेला, प्रत्येक वायरीला चिमटा-मीटर, म्हणजे तार चिमट्यात धरून वीज मोजणारं मीटर, लावत गेला. जिन्याच्या दिव्याच्या लाइनीवर काटा थांबला. एका छोट्या बल्बला लागते त्याच्या वीसपट वीज तिथून जात होती. तो कोणाला काही न बोलता बाहेरचा जिना चढून वर गेला.

जिन्याच्या होल्डरपासून दोन तारांची वायर निघाली होती. ती कठड्याच्या कडेनं, कुंड्यांच्या मागून, टिनाच्या खालच्या फटीतून खोलीत शिरत होती. जोड पुढेमागे घेतलेले होते आणि टेप घट्ट ओढलेली होती. आत खोलीतला जुना कूलर चालू होता. विमलताई खाटेवर बसून तांदूळ निवडत होत्या. त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं भाजून काळी झाली होती.

"सापडली का?" त्यांनी विचारलं.

"सापडली."

ताईंनी ताट बाजूला ठेवलं. "मिरगापर्यंत राहू द्या भाऊ. पाणी पडलं का मी सोता काढून टाकीन. अथी दुपारचं बसल्या जाते कसंतरी, पण संध्याकाळी टिन उतरते ना खाली, तवा डोकं फिरते. दोनदा पडली मी."

"लोकं माह्या मालाले डुप्लिकेट म्हणून राह्यले, ताई."

"आयकलं मी ते." त्यांनी जिन्याकडे पाहिलं. "भगवानले यातलं काही समजत नाही. तुमी काहीबी सांगू शकता. फ्रीज जुना झाला म्हणा. तो आयकन."

ते खरं होतं. फ्रीज बारा वर्षांचा होता. त्याचं रबर सुटलं होतं, कॉम्प्रेसर जड चालत होता. मोहिउद्दीननं तेवढं म्हटलं असतं तर सरांनी नवा फ्रीज घेतला असता आणि पुढचा महिना त्या पट्ट्यांकडे कोणी बघितलं नसतं. जिना उतरताना त्यानं हे वाक्य मनात जुळवलंही होतं.

तो खाली आला. भगवानराव आमच्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "काय सापडलं उस्तादांले? का आणखी एक टायमर बसवा लागते?"

वकील हसले. मीही हसलो असेन.

मोहिउद्दीननं टेस्टर खिशात ठेवला. "टायमर चांगला हाय, सर. माल बी चांगला हाय. वर या. सगळेच या." त्यानं प्रेरणालाही बोलावलं.

आम्ही सगळे वर गेलो. त्यानं होल्डरपासून सुरुवात करून वायरीवर बोट फिरवत फिरवत आम्हाला खोलीच्या दारापर्यंत नेलं आणि म्हणाला, "पाहा. हे होतं."

भगवानराव ओरडले नाहीत. त्यांनी ताईंना बाहेर बोलावलं. ऊन अजून कडक होतं, स्लॅबवर चपलेतूनही पाय भाजत होते आणि ताई अनवाणी आल्या. सरांनी विचारलं, "किती दिवस?"

"सोळा."

"मोठ्यानं सांग."

"सोळा दिवस झाले."

"वायर कोणी आणून दिली?"

"बाजारातून मीच आनली."

"सोळा दिवस तू माझ्या घरात चोरी केली अन् मी या माणसाले गावभर नावं ठेवली. माफी माग त्यांची."

विमलताईंनी मोहिउद्दीनकडे तोंड केलं आणि हात जोडले. "चुकलं भाऊ." त्यानं मान हलवली. नको म्हणून की बरं म्हणून, मला सांगता येणार नाही. मग सरांनी त्यांना ती वायर स्वतःच्या हातानं काढायला लावली. त्यांना होल्डरपर्यंत हात पोचेना, तेव्हा प्रेरणानं स्टूल आणून दिलं. वायर गुंडाळून हातात आल्यावर प्रेरणानं मोबाइलवर फोटो काढला. कूलर वकिलांनी आणि मी धरून खाली आणला. सरांनी सांगितलं म्हणून आणला. जड होता, आत पाणी होतं, ते जिनाभर सांडलं.

नंतर चहा झाला. तो ताईंनीच केला. आम्ही सगळे प्यालो.

त्याच संध्याकाळी ग्रुपवर ताईंचा वायर हातात घेतलेला फोटो आला. खाली सरांनी लिहिलं होतं की मोहिउद्दीनभाईंचं काम अव्वल दर्जाचं आहे, त्यांच्याबद्दल लिहिलेलं मी मागे घेतो, चोर घरातच निघाला. पुढे हसणारी दोन तोंडं. सत्तेचाळीस जणांनी अंगठे टाकले. त्यातला एक माझा होता. मोहिउद्दीनची बाजू खरी ठरली म्हणून मी तो टाकला, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

मोहिउद्दीननं घरी जाऊन बायकोला, सुग्राबीला, सगळं सांगितलं. त्या भेंडी चिरत होत्या. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी एकच विचारलं, "कूलर वरच राहिला का काढला?"

"काढला."

"आणि पंखा?"

"पंखा तर पाचपर्यंत चालतेच."

सुग्राबी पुन्हा भेंडी चिरायला लागल्या. त्या रात्री मोहिउद्दीनला पाच दिवसांत पहिल्यांदा चांगली झोप लागली.

सहाव्या दिवशी उमरखेडला गोहोकारांच्या नात्यात लग्न होतं. भगवानराव आणि प्रेरणा सकाळी सातला गाडी करून निघाले. ताईंना नेलं नाही. जाताना सरांनी खालच्या मजल्याला कुलूप लावलं, आणि या वेळी किल्ली ताईंकडे दिली नाही. घरात चोरी करणाऱ्या माणसाच्या ताब्यात घर कसं द्यायचं, असं ते प्रेरणाला म्हणाले. हे प्रेरणानंच पुढे सांगितलं, त्यात काही वावगं आहे असं तिला वाटत नव्हतं. ताईंना डब्यात पोळ्या आणि एक माठ पाणी वर दिलं होतं.

दुपारी दोनला मी त्या घरावरून गेलो. फाटकाला कडी, दाराला कुलूप. मला वाटलं सगळेच लग्नाला गेले. वर बघावं असं मनात आलं नाही. त्या दिवशी पारा सेहेचाळीसच्या वर होता. बरोबर पाचला टायमरनं आपलं काम केलं.

लग्नाहून परतायला त्यांना साडेसात वाजले. ताई स्वयंपाकाला खाली आल्या नाहीत म्हणून प्रेरणा रागानं वर गेली. ताई खोलीच्या उंबऱ्यावर पडलेल्या होत्या, अर्ध्या आत, अर्ध्या बाहेर. माठ कोरडा होता. अंगाला हात लाववत नव्हता. श्वास चालू होता, पण त्या कोणाला ओळखत नव्हत्या. इथल्या डॉक्टरांनी यवतमाळला पाठवलं. तिथं तिसऱ्या दिवशी सकाळी त्या गेल्या. डॉक्टरांनी उष्माघात सांगितलं. भगवानराव भेटायला येणाऱ्यांना सांगायचे की वय झालं होतं, बीपी होता, गोळ्या वेळेवर घेत नव्हती. वेळेवर हा शब्द ते जोर देऊन म्हणायचे.

मोहिउद्दीनला बातमी कळली तेव्हा तो एका मिक्सरची मोटार उघडून बसला होता. तो उठला नाही. मोटार दुरुस्त करून त्यानं गिऱ्हाइकाला दिली. मातीला गेला नाही. आपण गेलो तर लोक काय म्हणतील, न गेलो तर काय म्हणतील, हे त्याला ठरवता येईना. त्या संध्याकाळी सुग्राबींनी त्याच्यापुढे ताट ठेवलं आणि स्वतः दुसऱ्या खोलीत जाऊन बसल्या. पुढे कित्येक दिवस त्यांनी तसंच केलं.

नवव्या दिवशी भगवानरावांचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच होता.

"मोहिउद्दीनभाई, तेरवीले पाहुणे येऊन राह्यले. बारा-पंधरा जण राहतील. खाली जागा पुरत नाही. वरची खोली टायमरवरून काढून द्या. कूलर लावा लागन तथी, लोकांले गरमी होते."

मोहिउद्दीननं हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाला, "येतो."

तो गेला. मुख्य बोर्ड उघडला. वरच्या खोलीची लाल वायर टायमरखालच्या पट्टीतून सोडवली आणि शेजारच्या पट्टीत घट्ट केली. मार्चमध्ये त्यानं सांगितलं होतं तेवढाच वेळ लागला. मग त्यानं वर जाऊन पंखा चालू करून पाहिला, बल्ब लावून पाहिला. खोली धुऊन काढली होती. गाद्या घातल्या होत्या. खाट नव्हती. कूलरला पाणी घालून प्रेरणानं तो चालू केला आणि म्हणाली, "मस्त हवा लागते हो इथं, खालीपेक्षा बी." सरांनी जिन्यात त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही होते म्हणून गोष्ट उघड झाली. नाही तर ताई असंच करत राहिली असती."

त्यानं मजुरी घेतली नाही. सरांना तो शोक वाटला. त्यांनी तसं ग्रुपवर लिहिलं.

त्या मजकुरानंतर मोहिउद्दीनला कामं आली, आधीपेक्षा जास्त. पण निम्म्या लोकांना टायमर नको होता. त्यांना घरातला चोर धरून हवा होता. एकाला वाटत होतं की भाडेकरू चोरून हीटर लावतो. एका सासूला वाटत होतं की सून दुपारी दार लावून एसी चालवते. एका भावाला वाटत होतं की वाटणीनंतरही दुसऱ्या भावाचा पंप आपल्याच मीटरवर आहे. मोहिउद्दीन जायचा, मोबाइलवरच्या पट्ट्या बघायचा आणि कोण कधी उठतं, कोण कधी बाहेर जातं, ते त्याला पट्ट्यांवरूनच कळायचं. पहिल्या तीन घरांत त्यानं सांगितलं. एका घरात त्याच्यासमोर सुनेला थोबाडीत बसली. तो पिशवी आवरत राहिला.

जुलैत वकिलांनी बोलावलं, तेच, जे त्या दिवशी माझ्या शेजारी बसून हसले होते. त्यांच्या मागच्या खोल्यांत रामधन आणि जमनी नावाचं म्हातारं जोडपं भाड्यानं राहत होतं. मोहिउद्दीनला अर्ध्या तासात सापडलं. म्हातारा गुडघे शेकायला पाणी तापवायचा, रॉड टाकून, पहाटे. रॉड पलंगाखाली ओल्या फडक्यात गुंडाळलेला होता. जमनीबाई दारात उभ्या राहून त्याच्याकडे बघत होत्या. त्यांनी काही मागितलं नाही.

तो वकिलांना म्हणाला, "कोणी काही करून नाही राह्यलं साहेब. तुमचा फ्रीज जुना झाला हाय. कॉम्प्रेसर जास्त खाते."

वकिलांचा फ्रीज मागच्याच दिवाळीत घेतलेला होता. त्यांनी दुसऱ्या दिवशी वणीहून दुसरा माणूस आणला. त्यानं रॉड बाहेर काढून अंगणात ठेवला. रामधन-जमनीला महिना संपायच्या आत खोल्या सोडाव्या लागल्या. ग्रुपवर वकिलांनी लिहिलं की मोहिउद्दीन भाडेकरूंना सामील असतो. भगवानरावांनी त्याखाली लिहिलं, मला आधीपासून वाटतच होतं. त्या वेळी मी अंगठा टाकला नाही. दुसरं काही लिहिलंही नाही.

आता मोहिउद्दीन मीटरचं आणि टायमरचं काम घेत नाही. मिक्सर, इस्त्री, पाण्याच्या मोटारी एवढंच. गिऱ्हाइकं कमी झाली आहेत. आमच्या कॉलनीतून तर कोणी जात नाही. सुग्राबी पुन्हा त्याच्यासोबत जेवायला बसतात, पण त्या विषयावर दोघं बोलत नाहीत.

मागच्या महिन्यात मी इस्त्री घेऊन गेलो होतो. दुकानात कोणी नव्हतं. बराच वेळ इकडचं तिकडचं झाल्यावर मी त्याला म्हणालो, त्या दिवशी सरांनी आपल्या सगळ्यांसमोर तुझी थट्टा केली नसती तर तू फ्रीजचंच सांगितलं असतंस.

त्यानं इस्त्रीचा तळ उलटा करून उजेडात धरला.

"तुमी मले चांगला माणूस समजून राह्यले, पोस्टमास्तर," तो म्हणाला. "मी तथी वर बोट फिरवत गेलो ना, तवा मले बरं वाटत होतं. लय बरं वाटत होतं. तुमी सगळे वाकून पाहून राह्यले होते."

मग त्यानं सांगितलं की कॉइल गेली आहे, नवीन टाकावी लागेल, गुरुवारी या. मी इस्त्री तिथंच ठेवली आणि घरी आलो.